बाळंतिणीच्या खोलीतला उजेड

मालवणहून परतल्यापासून कोल्हापुरात भेटेल तो एकच विचारतो, "किल्ला पाहिलास ना?" मी खरे ते सांगतो: बंदरावरून पाहिला. होडीत बसलो नाही, तटावर चढलो नाही. मालवणातला माझा बहुतेक वेळ एका बिनखिडकीच्या खोलीत गेला, असे म्हटले की समोरचा माणूस कीव आल्यासारखा पाहतो आणि विषय बदलतो. त्या सगळ्यांना एकदाच काय ते सांगून टाकावे म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी इथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर आहे. म्हणजे प्राध्यापकांनी वर्गात जे सांगितले, ते टेबलावर खरे करून दाखवायचे काम माझे. झाले तर विज्ञान थोर, न झाले तर मी धांदरट. या विषयाची गोडी मला शाळेत सामंत मास्तरांनी लावली. मास्तर मूळचे मालवणचे, पण सगळी नोकरी कोल्हापुरात झाली आणि निवृत्तीनंतर ते व त्यांच्या पत्नी माई आपल्या घरी, मालवणच्या मेढ्यात, परत गेले. ऊर्जेचा धडा शिकवताना मास्तर फळ्यावर गोलात नावे लिहीत: उष्णता, प्रकाश, वीज, गती, ध्वनी. मग एकाकडून दुसऱ्याकडे बाण काढीत आणि प्रत्येक बाणाला एक उदाहरण देत. ध्वनीकडून प्रकाशाकडे जाणारी जागा मात्र मोकळी राही. "इथे बाण नाही," ते म्हणत. "नाही म्हणजे मला माहीत नाही. जगात नाही, असं मी म्हणत नाही." इतके प्रामाणिक वाक्य मी नंतर फार थोड्या शिक्षकांच्या तोंडून ऐकले.

गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत आम्ही एक सेट जुळवला. त्यात निकेलची कांब विजेने इतकी भराभर थरथरते की तिचा मूळ आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. ती कांब पाण्यात बुडवली की पाण्यात बारीक बुडबुडे उठतात आणि मिटतात. पक्क्या काळोखात नीट डोळे लावून बसले, तर त्या बुडबुड्यांच्या जागी पुसट निळसर उजेड दिसतो. परदेशात मागे कोणी फोटोच्या काचा आवाजाने लवकर धुतल्या जातात का हे पाहत होते, तर काचेवर नको तिथे उजेड लागल्यासारखे ठिपके उमटले. उजेड सापडला तो असा, चुकून. मी मास्तरांना कळवले की तुमचा बाण सापडला. उत्तर आले ते माईंच्या अक्षरात. मास्तरांना आता लिहिता येत नव्हते. काचबिंदूने एक डोळा गेला होता, दुसरा जात होता, आणि गेलेले परत येत नाही असे मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. शेवटी एवढेच होते: मला तो बाण पाहायचा आहे, डोळ्यात थोडे आहे तोवर ये.

फोंडाघाट

यंत्र कॉलेजाबाहेर न्यायची परवानगी मिळवताना माझ्या नाकी नऊ आले, ते सांगत बसत नाही. सेट एका लाकडी पेटीत, कापसाची जुनी दुलई गुंडाळून. काचेचा गोल चंबू माझ्या मांडीवर. एस.टी. राधानगरी सोडून घाटाला लागली आणि मी चंबूला असा धरून बसलो की शेजारच्या म्हातारबुवांनी अदबीने विचारले, "देव आसा काय?" ते नांदगावला उतरणार होते. पायाशी टोपलीत दोन कोंबड्या होत्या. मी म्हटले देव नाही, पाण्यात आवाज सोडून उजेड पाडायचे भांडे आहे. ते म्हणाले, "म्हणजे देवच."

मी त्यांना समजावू लागलो. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की पंप गरम होतो ना? तसेच. आवाज म्हणजे पाण्याला ओढणे आणि दाबणे. ओढले की पाण्यात पोकळी पडते, तिच्यात हवा शिरते. लगेच दाबले की तीच हवा चहूबाजूंनी चिरडली जाते आणि इतकी तापते की क्षणभर पेटून उठते. काही विद्वान म्हणतात की उष्णता नव्हे, विजेची ठिणगी उडते. वाद अजून मिटलेला नाही. म्हातारबुवा मन लावून ऐकत होते. मी हातवारे करण्याच्या भरात चंबूवरचा एक हात सोडला, त्याच वेळी गाडी वळणावर कलली, कोंबड्यांची टोपली माझ्या अंगावर आली आणि चंबू खाली. फुटल्याचा आवाज सगळ्या गाडीने ऐकला. उजेड काही पडला नाही.

म्हातारबुवांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटले. उतरताना ते एक कोंबडी माझ्या हातात देऊ लागले. नको नको म्हणून मी त्यांना कसेबसे उतरवले. कोल्हापूरचा असता तर आधी दोष कोणाचा यावर भांडला असता. मी तरी भांडलो असतो.

मेढा

मास्तर फाटकाशी उभे होते. मी जवळ जाऊन पाया पडेपर्यंत त्यांना कळले नाही की आलेला माणूस मीच. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून, मलाच आधार दिल्यासारखे, घरात नेले. वर्गात त्या हातात खडू असे, आणि नजर अशी की शेवटच्या बाकावरचा पोरगा कागद चावत असला तरी दिसे. मला भडभडून आले. बरे झाले की माईंनी लगेच पाय धुवायला पाणी दिले.

माई म्हणजे सडपातळ, चटपटीत बाई. नवऱ्याशी मालवणीत आणि माझ्याशी आधी शाळेतल्या मराठीत बोलल्या, पण दुपारपर्यंत मीही मालवणीत जमा झालो. जेवायला तिरफळे घातलेली बांगड्याची आमटी, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. आम्ही कोल्हापूरकर मटणाच्या हाडाशी दोन हात करू, पण बांगड्याच्या काट्यापुढे माझी पाचावर धारण बसते. माईंनी ते पाहिले आणि काही न बोलता माझ्या पानातला मासा सोलून काटे बाजूला ठेवले. आमच्याकडे पाहुण्याला "घ्या की, लाजताय काय" असे ओरडून वाढतात. इथे विचारीत नाहीत, पाहतात आणि वाढतात.

फुटलेल्या चंबूचे मी सांगितले, तेव्हा माई उठल्या आणि पेपरमिंटच्या गोळ्यांची दुकानातून आणलेली रिकामी काचेची बरणी घेऊन आल्या. तेवढ्याने काम भागत होते. राहिला काळोख. अगदी गडद काळोख लागतो, फट चालत नाही, असे मी म्हटले. माई म्हणाल्या, "काळोख व्हयो तर बाळंतिणीची खोली आसा. थय दिवसाढवळ्या आपलो हात आपणाक दिसणा नाय."

माजघराच्या मागे ती खोली होती. खिडकी नाही, झरोका नाही, बुटके दार. मास्तर स्वतः इथेच जन्मले, त्यांची तीनही मुले इथेच झाली. आता मुले मुंबईत आणि खोलीत नारळ व आमसुले. माईंनी ती लगेच रिकामी करून झाडून दिली. सेटमधले रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह पेटल्यावर तांबूस दिसतात, म्हणून सेट बाहेर पडवीत ठेवला, वायर दाराखालून आत नेली आणि फट गोणपाटाने बुजवली. आत एका तिवईवर बरणी, तिच्यात वरून सोडलेली कांब. पाणी मी भरणार होतो, पण माई म्हणाल्या, पाणी मी देते, तू तुझे तारांचे बघ.

मालवणात वीज आहे, पण ती इंजिनावरची आणि जरा मानी. ती हजर आहे तोवर उरकावे म्हणून मी घाई केली. मास्तरांना आत स्टुलावर बसवले, दार लावले आणि बाहेर सेटची गुंडी फिरवीत राहिलो. कांबेचा सूर जुळला की पाण्यातून बारीक चरचर ऐकू येते, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. ती ऐकू आली तसा मी दार किलकिले करून आत शिरलो. पडवीतल्या उन्हातून आल्यामुळे मला स्वतःला काहीच दिसत नव्हते. ते नेहमीचेच असते, डोळे सरावायला वेळ लागतो. मी विचारले, "मास्तर, दिसतो?"

थोडा वेळ फक्त चरचर. मग मास्तर म्हणाले, "दिसला रे. सुरेख दिसला."

माझा जीव भांड्यात पडला. मी सेट बंद केला, मास्तरांना बाहेर आणले, आणि त्या संध्याकाळी बंदरावर उभे राहून समुद्रातल्या किल्ल्याकडे पाहताना मला वाटत होते की आपणही एक किल्ला सर केला. इतका खूश मी माझ्या लग्नातही नव्हतो. हे आमच्या घरी वाचून दाखवणार नाही.

पाणी

रात्री जेवताना मला ठसका लागला. माईंनी तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "पी रे झिला, भिया नको. पाणी उकळलेलां आसा. तुज्या बरणीतलांय तांच होतां. परगावच्या माणसाक आमच्या बावडेचां पाणी बाधता, मगे तुज्या यंत्राक बाधूचां नाय कशावरून?"

घास माझ्या हातात राहिला. पाणी उकळले की त्यात विरघळलेली हवा निघून जाते. हवा नाही तर बुडबुड्यात चिरडायला काही नाही. चरचर थोडीफार होईल, पण दिसण्याजोगा उजेड त्या पाण्यात पडणे शक्य नव्हते. माईंनी माझ्या यंत्राला पाहुणा मानून त्याचे पथ्य सांभाळले होते. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. पण मला त्याचे काही वाटले नाही. वाटले ते वेगळेच. त्या दुपारी त्या खोलीत कोणालाच काही दिसले नव्हते.

मी मास्तरांकडे पाहिले. उकळलेल्या पाण्यातली हवा कुठे जाते हे मला त्यांनीच शिकवले होते. ते पानावर वाकून भात कालवीत होते, बराच वेळ, कालवायचे काही उरले नाही तरी. मी पाणी प्यालो आणि माशाची तारीफ केली.

किनारा

सकाळी मास्तर मला समुद्रावर घेऊन गेले. माडांच्या सावलीतून त्यांच्या पायांना वाट पाठ होती. वाळूत आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. दूर कोळ्यांनी रापणीचे लांबलचक जाळे किनाऱ्यावर ओढायला घेतले होते आणि दोराला लागलेली माणसे एका सुरात हेल काढीत होती. मास्तर थांबले.

"काल मी तुला खोटं सांगितलं," ते म्हणाले. "मला काहीच दिसलं नाही. तू एवढ्या लांबून ओझं घेऊन आलास, भांडं फोडून घेतलंस. आई म्हणायची, पावण्याक रित्या हातान धाडूचो न्हय. तोंडातून निघून गेलं."

मी म्हटले, पाणीच तसे होते, तुमच्या डोळ्यांचा दोष नाही, आज पुन्हा करू.

"करू. पण मला दिसेल असं तू मनात धरू नकोस. मीही धरत नाही. मला एवढंच पाहिजे की तो बाण खरा आहे हे कळावं. तुझ्या सांगण्यावरून नाही. माझ्या घरात कळावं."

मग आम्ही तसेच बंदरावर गेलो. पाणी जितके गार तितका उजेड चांगला, आणि मालवणात बर्फाला तोटा नाही, मासळीसाठी तो लागतोच. गोणपाटात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला एक तुकडा मी खांद्यावर मारून घरी आणला. दिवसभर माझ्या सदऱ्याला सुरमईचा वास येत होता. कोल्हापूरला पोचेपर्यंत तो गेला नव्हता.

खोली

या वेळी पाणी मी विहिरीतून स्वतः काढले, हवा मिसळावी म्हणून दोन कळश्यांत वरून खाली ओतून खळखळवले आणि बरणी बर्फाच्या परातीत बसवली. सेट आधीच सुरात लावून ठेवला आणि बटण लांब वायरीने खोलीत घेतले. मास्तर म्हणाले, माईंनाही आत बसू दे. माई आधी नको म्हणाल्या, चुलीवर भात होता. मग पदराला हात पुसत आल्या.

दार लावले. आम्ही तिघे काळोखात बसलो. माझी चुळबूळ होत होती, पण माईंची नाही. अशा वेळी कसे बसायचे हे त्यांना ठाऊक होते. प्रत्येक बाळंतपणात त्या इथे बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, की इथे आधी डोळे काळोखाला द्यावे लागतात, मग काळोख डोळ्यांना देतो. बराच वेळ गेल्यावर मी बटण दाबले. चरचर सुरू झाली. मला उजेड दिसला, कांबेच्या टोकाशी, नेहमीसारखा पुसट. पण मी बोलायचे नाही असे ठरले होते.

"आसा," माई म्हणाल्या. "मधी, कांबीच्या तोंडाकडे. नीट बघूक गेल्यार जाता, बाजूक बघल्यार येता. न्हान पोराच्या डोळ्यातलो पांढरो कसो निळसर आसता, तसो."

मास्तर पुढे वाकल्याचे स्टुलाच्या कुरकुरीने कळले. ते पाहत राहिले. देवाला मी एरवी त्रास देत नाही, पण तेव्हा दिला. शेवटी मास्तर सरळ बसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "माका दिसणा नाय गो."

माईंनी मला विचारले, याहून मोठा होत नाही का उजेड? होतो, मी म्हटले. पेटीत एक भुकटी आहे. ती पाण्यात घातली तर पाणी असे निळे पेटते की मास्तरांनाही कदाचित दिसेल. मास्तरांनी लगेच विचारले, तो उजेड बुडबुड्याचा की भुकटीचा? मी म्हटले, बुडबुड्यामुळे पडतो, पण असतो भुकटीचा. "मग नको," ते म्हणाले. "मधे तिसरं कोणी नको."

मग मास्तर एकदम वर्गातल्यासारखे बोलू लागले. त्यांनी मला कापूस आणायला सांगितला, मी पेटीतल्या दुलईतून काढून आणला. तो माईंच्या दोन्ही कानात घट्ट बसवायचा आणि वरून पदर बांधायचा. आत चाललेली चरचर त्यांना ऐकू येता कामा नये. दिसले की त्यांनी मास्तरांचा हात दाबायचा, गेले की सैल सोडायचा. मास्तर आपला हात मुळीच हलवणार नाहीत. बटण मी मला हवे तेव्हा लावायचे, हवे तेव्हा बंद करायचे, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. माईंना हे त्यांनी कापूस घालण्याआधी दोनदा समजावले. त्या म्हणाल्या, या वयात हात धरायला एवढे कारण कशाला लागते. काळोख होता म्हणून बोलल्या असाव्यात.

पुन्हा दार लावले, पुन्हा डोळे काळोखाला दिले. मी बटण दाबले. चरचर. मास्तर हलकेच म्हणाले, "दाबला." मी बंद केले. "सोडला." मग मी मुद्दाम खूप वेळ काहीच केले नाही. मास्तर गप्प होते, खोली गप्प होती. एकाएकी लावले, तर चरचर उमटते न उमटते तोच, "दाबला." लगोलग बंद केले, पुन्हा लावले, थोडे चालू ठेवले, बंद केले. प्रत्येक वेळी मास्तरांचा शब्द. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरले की इथे काय चालले आहे. मास्तरांना फक्त आवाज ऐकू येत होता. माईंना फक्त उजेड दिसत होता. एकीला ऐकू येत नव्हते, दुसऱ्याला दिसत नव्हते, आणि जे एकाच्या कानात सुरू होई ते दुसरीच्या हातातून परत येई. फळ्यावरची ती मोकळी जागा माझ्यासमोर, काळोखात, त्या दोन हातांनी भरून निघत होती. मी रडत होतो हे सांगायला मला लाज वाटत नाही. कोणाला दिसत नव्हते.

मास्तरांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि शेवटी ते नुसतेच हुंकार देऊ लागले. मग तेही थांबले. मी बटण बंद करून हात मांडीवर ठेवला.

"बाण काढ रे," मास्तर म्हणाले.

मी उठून दार उघडले. माजघरातला उजेड आत आला. दोघे शेजारी शेजारी बसली होती, माई पदर कानावरून बांधलेल्या, एखाद्या दात दुखणाऱ्या मुलीसारख्या. हात अजून हातात होते. माईंनी मोकळ्या हाताने एका कानातला कापूस काढला आणि जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "विझलो तो. आता सोडा हात, चुलयेर भात आसा."

"करपांदे," मास्तर म्हणाले.

त्या दुपारी आम्ही तिघांनी खाली लागलेला भात जेवला. मास्तरांनी तो दोनदा मागून घेतला.